जाड वेस्का

सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं आमंत्रण फोनवर न देता छापून लावायचं, असं गेंचोने ठरवलं तेव्हा त्याच्या मनात कुणाचंही वाईट करायचं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण नंतर गोर्ना लिव्हादा गावात लोक बरेच दिवस याच्या उलट बोलत होते.

गेंचो गावच्या पाणीपुरवठा कार्यालयात कारकून. सव्वीस वर्षं एकच खुर्ची आणि सव्वीस वर्षं एकच वाङ्मय: ‘उद्या सकाळी नऊ ते चार पाणी येणार नाही.’ ही सूचना सुरुवातीला तो ब्रशने, हाताने लिहायचा आणि गाव ती वाचायचं. मग कार्यालयात कॉम्प्युटर आला. सूचना छापून येऊ लागल्या त्या बारीक, सभ्य, टोकाटोकांना नाजूक पाय फुटलेल्या अक्षरांत. कोणी वाचेना. लोक अंगभर साबण लावून कोरड्या नळाखाली उभे राहायचे आणि त्याच अवस्थेत गेंचोला फोन करायचे. गेंचोचं म्हणणं असं की, दोष लोकांचा नाही, अक्षरांचा आहे. अक्षर कसं हवं, तर रस्त्याच्या पलीकडून हाक मारणारं. जाड, बिनपायांचं, बिननखऱ्याचं आणि जरासं वाकडं, म्हणजे माणसाच्या हातचं आहे हे कळेल असं.

हे सगळेच कारकून म्हणतात आणि पेन्शनीत निघून जातात. गेंचोने मात्र करून दाखवलं. स्वयंपाकघरात घातलेल्या लिनोलियमचे तुकडे घेऊन, चांभाराच्या रापीने, त्याने एकेक अक्षर कोरायला घेतलं. (तुकडे उरलेले होते असं तो सांगायचा. फ्रिजखालची फरशी उघडी पडलीय हे घरात कळायला दीड वर्ष लागलं.) कोरलेल्या अक्षराला शाई लावून तो कागदावर ठसा उमटवायचा, चष्मा कपाळावर ढकलून दुरून बघायचा आणि म्हणायचा, “बोलतंय बघ.” बायकोच्या चुलतबहिणीची मुलगी कालिना प्लोवदिव शहरात अक्षरकलाच शिकायला होती. तिने सगळे ठसे घेऊन त्यांचा कॉम्प्युटरवर चालणारा रीतसर टाइप करून दिला आणि विचारलं, “काका, याला नाव काय देऊ?”

गेंचोला वाटलं, ही लग्नाला तीस वर्षं झाल्याची भेट होईल. बायकोचं नाव वेस्का. त्याने सांगितलं, “वेस्का जाड.”

वेस्का शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिने भेट पाहिली. पडद्यावर स्वतःचं नाव पाहिलं, नावापुढचा शब्द पाहिला आणि दोन दिवस ती गेंचोशी बोलली नाही.

“अगं, टाइपाला असंच म्हणतात,” गेंचो समजावत होता. “एक बारीक असतो, एक जाड असतो.”

“मग बारकीचं नाव काय ठेवलंयस?” तिसऱ्या दिवशी वेस्काने विचारलं.

असो. टाइप झाला, पण एक अक्षर राहिलं. तीस अक्षरांतली एकोणतीस झाली होती. राहिला होता झ. आमच्याकडचा झ म्हणजे मधे एक उभा दांडा आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन फाकलेले पाय, पाठीवर पडलेल्या झुरळासारखा. जाड अक्षरात हा प्राणी कोरायचा म्हणजे पायांच्या मधली जागा उरतच नाही. गेंचोने चौदा झ कोरले. चौदाही पायात मोडले. शेवटी तो म्हणाला, झवाचून कुणाचं अडलंय?

अडलं ते सासूबाईंच्या वाढदिवसाला.

दोब्राबाई, म्हणजे वेस्काची आई, खालच्या मजल्यावर राहायच्या आणि वरच्या मजल्यावर राज्य करायच्या. सप्टेंबरच्या त्या शनिवारी त्यांना ऐंशी पूर्ण होणार होती. गुडघ्यांसाठी त्या दहा दिवस डोंगरापलीकडे, गरम झऱ्यांच्या गावी, सॅनेटोरियममध्ये गेल्या होत्या. शनिवारी सकाळच्या बसने परतणार, आणि अंगणात पाऊल टाकतात तो सगळं गाव टेबलांशी बसलेलं, असा वेस्काचा बेत होता. मेंढा सांगून झाला होता, राकिया, म्हणजे फळांची घरगुती दारू, पिंपातून बाटल्यांत आली होती. वेस्का म्हणाली, “लोकांना तेवढे फोन कर.”

“आमंत्रणाचं माझ्यावर सोड,” गेंचो म्हणाला.

तीस वर्षांच्या संसारात वेस्काने ज्या थोड्या चुका केल्या त्यांतली ही एक. तिने सोडलं.

बुधवारी ऑफिस सुटल्यावर गेंचोने पोस्टर जुळवायला घेतलं. आमच्याकडे वाढदिवसाला ‘रोझ्देन देन’ म्हणतात आणि त्यात तो झ बरोबर मधे ठाण मांडून बसलेला. दुसऱ्या टाइपातला झ उसना आणायचा? म्हणजे रांगड्या पैलवानांच्या रांगेत एक चष्मेवाला मास्तर उभा करण्यासारखं. गेंचोच्यातल्या कलावंताला ते सहन होईना. मग त्याने विचार केला की वाढदिवस हा शब्द हवाच कशाला? ऐंशी हा आकडा आहे, नाव आहे, शनिवार आहे. गाव काही मूर्ख नाही. त्याने शब्दच गाळला. मग नाव इतकं मोठं केलं की ते कागदाच्या कडेला टेकलं. त्याला आवर घालायला भोवती एक काळी चौकट टाकली. फोटो हवा होता. दोब्राबाईंच्या खणात नव्या पांढऱ्या रुमालात गुंडाळलेला एक छान फोटो त्याला मिळाला, डोक्याला काळा रुमाल, नजर समोर, ओठ मिटलेले. त्यांचे ओठ मिटलेले असलेला हा जगातला एकमेव फोटो असावा. ऑफिसच्या प्रिंटरमध्ये काळी शाई तेवढी होती. आणि शेवटी छापून आलं ते असं:

आमची लाडकी
दोब्रा स्तानेवा
८० वर्षं
शनिवारी दुपारी बारा वाजता घरच्या अंगणात जमू या.
कृपया भेटवस्तू आणू नयेत.

गेंचोने ते भिंतीला लावलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं. प्रत्येक अक्षर हाक मारत होतं. ती सगळी मिळून काय हाक मारतायत, याकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

गुरुवारी सकाळी सातच्या आत त्याने चाळीस कागद चिकटवले. बसस्टॉपवर, पावाच्या दुकानाच्या दारावर, शाळेच्या फाटकावर, चर्चसमोरच्या खांबावर, आणि चौकातल्या त्या फळ्यावर, जिथे गावातल्या सगळ्या निधनाच्या बातम्या लागतात. (लोक तिथेच थांबून वाचतात, हे सव्वीस वर्षांच्या अनुभवाने त्याला ठाऊक होतं.) खळीत त्याने सुतारी सरस घातला होता, वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून. फळ्यावर आधीच चार कागद होते, चार चौकटी, चार फोटो. गेंचोने पाचवा मधोमध लावला आणि बाकीच्या चारांची अक्षरं किती मरतुकडी आहेत असं मनाशी म्हणत तो ऑफिसला गेला.

साडेनऊला पर्वान आला. पर्वान मीटर वाचणारा, म्हणजे गावभर पायी हिंडणारा माणूस. त्याने टोपी काढली आणि गेंचोचा हात दोन्ही हातांत धरला.

“आत्ताच वाचलं,” तो म्हणाला.

गेंचोचा चेहरा उजळला. “दिसलं ना? लांबून दिसलं?”

“पुलावरूनच दिसलं.”

“पुलावरून? काय सांगतोस. मग, कसं वाटलं?”

“वाईट वाटलं,” पर्वान म्हणाला. “काय वाटणार.”

गेंचोला हे जरा लागलं. “पहिलाच प्रयत्न आहे माझा,” तो म्हणाला.

“ही वेळ सगळ्यांवरच येते, गेंचो. खूप त्रास झाला का?”

“विचारू नकोस. दोन वर्षं. रात्री झोप नाही, बोटं बघ माझी. पण आता लावून टाकलं आणि मोकळा झालो. खरं सांगू, आज सकाळपासून शीळ घालावीशी वाटतेय.”

पर्वानने हात सोडला. “आणि त्या आत्ता कुठे आहेत?” त्याने हळूच विचारलं.

“कोण, सासूबाई? सॅनेटोरियममध्येच. गरम पाण्यात.”

“गरम पाण्यात?”

“दिवसातून दोनदा घालतात. एरवी चादरीत गुंडाळून ठेवतात. शनिवारी सकाळी येतील बसने.”

“गेंचो, बसने?”

“मग कशाने? त्यांना बसच आवडते. खिडकीपाशी बसवलं की झालं.”

पर्वानने टोपी डोक्यावर घातली. दारापाशी जाऊन तो वळला. “त्या जरा फटकळ होत्या, मला माहीत आहे,” तो म्हणाला. “पण माणसाने थोडी तरी लाज बाळगावी.” आणि तो निघून गेला.

गेंचो बराच वेळ विचार करत बसला. शेवटी त्याने असा निष्कर्ष काढला की, पर्वानला भेटवस्तू न आणण्याबद्दलची ओळ खटकली असावी.

अकराच्या सुमारास वेस्काचा फोन आला. “घरी ये,” ती म्हणाली. एवढंच. वेस्का फोनवर एका वाक्यात थांबणारी बाई नव्हे. गेंचो कोट न घालताच निघाला. वाटेत पावाच्या दुकानातली बाई बाहेर येऊन काहीही न बोलता त्याच्या हातात एक मेणबत्ती देऊन गेली. गेंचोने मनात हिशेब केला. ऐंशीला एक, म्हणजे अजून एकोणऐंशी लागतील.

वेस्का अंगणातल्या बाकावर बसली होती. स्वयंपाकघरातला पांढरा एप्रन तसाच होता. मांडीवर शाळेच्या फाटकावरून अर्धवट सोलून आणलेला कागद होता. डोळे लाल झाले होते.

“आई कधी गेली?” तिने विचारलं.

“मागच्या आठवड्यात, बुधवारी. दहाच्या बसने. तूच नाही का सोडायला आलीस?”

“गेंचो.” वेस्काचा आवाज अगदी हळू होता. “शाळेतल्या सगळ्या बाया रडत माझ्या गळ्यात पडल्या. मुख्याध्यापक बाईंनी मुलांना उभं केलं. मी वरण ढवळत होते. सगळ्या गावाला माहीत आणि मला माहीत नाही. तुला फोन आला तो कधी आला? आई कधी गेली?”

तेव्हा गेंचोने कागद हातात घेतला आणि त्या दिवसात पहिल्यांदा अक्षरं न बघता नुसता वाचला. फोटो. चौकट. नाव. ऐंशी वर्षं. जमू या. त्याच्या कपाळावरचा चष्मा आपोआप नाकावर आला.

“अगं,” तो म्हणाला, “हे आमंत्रण आहे.”

“कशाचं?”

“वाढदिवसाचं. आई ठणठणीत आहेत. कुणाचा फोन नाही की काही नाही.”

वेस्काने कागद परत घेतला, वरपासून खालपर्यंत पाहिला. “यात वाढदिवस कुठे आहे?”

“तो माझ्याकडे नाही.”

“काय नाही?”

“झ,” गेंचो म्हणाला. “मोडतो गं तो. पायात.”

वेस्काने त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षांत त्या बाईने नवऱ्याकडे अनेक प्रकारे पाहिलं असेल, पण हा प्रकार नवा होता. मग तिला हसू आलं, मग परत रडू आलं, आणि ते सगळं एप्रनला पुसून ती म्हणाली, “फोन लाव. आईचा आवाज ऐकल्याशिवाय मी इथून उठणार नाही.”

गेंचोने सासूबाईंचा नंबर लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. तेच. “गरम पाण्यात असतील,” तो म्हणाला. मग त्याने सॅनेटोरियमच्या ऑफिसचा नंबर लावला. एका मुलीने उचलला. मागे बरीच गडबड ऐकू येत होती.

“दोब्रा स्तानेवा,” मुलगी म्हणाली. “बारा नंबर. थांबा हं. हो, त्या गेल्या.”

“गेल्या म्हणजे?”

“गेल्या. आज सकाळीच. खोली रिकामी झालीय, चादरी पण बदलल्या आम्ही.”

गेंचोने बाकाची कड धरली. “शांतपणे गेल्या का?” त्याने विचारलं, कारण असं विचारतात हे त्याला ठाऊक होतं.

“शांतपणे कुठलं. आचाऱ्याशी भांडता भांडता गेल्या. सूपात मीठ नव्हतं म्हणे. आम्हाला सगळ्यांनाच फार वाईट वाटलं हो. अहो, दुसरा फोन वाजतोय,” आणि तिने ठेवून दिला.

गेंचोला यातलं अक्षरन् अक्षर पटलं. दोब्राबाई जायच्या तर अशाच जाणार, मिठावरून, वाक्य अर्धवट टाकून. बिछान्यात झोपून बिपून जाण्यातली बाई ती नव्हे.

वेस्काला त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं. ती रडलीही नाही, नुसती बसून राहिली. आणि गेंचोच्या मनात एक भयंकर विचार आला. सकाळी सातला आपण कागद लावले. सकाळीच त्या गेल्या. हे आपणच केलं. ठणठणीत बाईला चाळीस ठिकाणी चौकटीत बसवलं, वर पुन्हा सुतारी सरस लावून.

फाटक वाजलं. मिताना आत आली. मिताना म्हणजे कुंपणापलीकडची शेजारीण. कुंपणावर वाढलेल्या आलुबुखाराच्या झाडावरून तिचं आणि दोब्राबाईंचं अकरा वर्षांपूर्वी बिनसलं होतं आणि तेव्हापासून दोघी एकमेकींशी फक्त मांजरामार्फत बोलायच्या. (“काय गं मनी, काही लोकांना आपली पानं झाडायला वेळ नसतो वाटतं.”) आज तिच्या हातात वाडगा होता. मेलेल्या माणसाच्या नावाने वाटतात ते, साखर घातलेले उकडलेले गहू.

“मी रोज म्हणायचे, उद्या बोलेन,” मिताना वेस्काला म्हणाली. “सकाळी खिडकीतून बघायचे, दोब्रा अंगण झाडतेय. म्हणायचे, आज नको, आज ती रागात दिसतेय. आता कुणावर रागावू? ते झाड तिचंच होतं गं. माझ्या नवऱ्याने कुंपण सरकवलं होतं. मला माहीत होतं.”

आणि मग दोघी जणी एकमेकींना धरून रडायला लागल्या. गेंचोला तिथे उभं राहवेना. “मी त्यांना घेऊन येतो,” तो म्हणाला. “पर्वानकडे ऑफिसच्या गाडीची किल्ली असते. पण आधी ते कागद काढतो. त्यांत सगळं चुकीचं आहे.”

कागद काढणं सोपं नव्हतं. सरसाने आपलं काम चोख केलं होतं. चौकातल्या फळ्यावर गेंचोने नखांनी खरवडलं तेव्हा शेजारच्या चौघांचेही कोपरे फाटले आणि एका म्हाताऱ्याने येऊन, आपल्या भावाचा कान तेवढा जागेवर ठेव, असं त्याला सांगितलं. पावाच्या दुकानाच्या दाराचा रंगच निघून आला. लोक थांबून बघत होते. जावई सासूचं नाव भिंतीवरून ओरबाडतोय आणि रडतोय. सकाळी पर्वानने गावभर सांगितलेल्या गोष्टीशी हे काही जुळेना. दोन बायकांचं म्हणणं पडलं की बिचाऱ्याला मान्यच होत नाहीये. तिसरी म्हणाली की पश्चात्ताप आहे, दुसरं काही नाही. पर्वान स्वतः समोरून आला, क्षणभर थांबला, आणि खिशातून मीटरची झाकणं उघडायची पट्टी काढून गेंचोच्या बाजूला खरवडायला लागला.

पावणेचारला दोघे बसस्टॉपवर पोचले. तिथला कागद सगळ्यात मोठा होता, काचेला लावलेला. गेंचो गुडघ्यावर बसून ‘दोब्रा’तला द सोलत होता. आता डोळ्यांतून पाणी इतकं वाहत होतं की जाड अक्षरंसुद्धा नीट दिसत नव्हती. मागे बस येऊन थांबली, दार उघडलं, बंद झालं, बस गेली.

“काय फाडतोयस रे?” मागून आवाज आला. “सरकारी काच आहे ती.”

गेंचो वळला नाही. त्याला वाटलं, हे असं होतं म्हणतात. माणूस गेलं की चाळीस दिवस त्याचा आवाज ऐकू येतो.

“जावईबापू, मी बोलतेय. ही बॅग उचल आधी. आणि हा पर्वान असा भिंतीला का चिकटलाय?”

पर्वान खरोखर भिंतीला चिकटला होता आणि क्रॉसची खूण करण्यासाठी उचललेला त्याचा हात कपाळापाशीच थांबला होता. गेंचो वळला. समोर दोब्राबाई उभ्या होत्या, एका हातात काठी, एका हातात चाकाची बॅग, अंगावर प्रवासाचा जाड कोट, चेहरा गरम पाण्याने गुलाबी झालेला. गेंचोने त्यांना मिठी मारली. लग्नाच्या दिवशी मारली होती ती धरून ही दुसरी. त्याने त्यांना जमिनीवरून जवळजवळ उचललं.

“गुडघा,” दोब्राबाई म्हणाल्या. “गुडघा सांभाळ. काय झालंय? वेस्का बरी आहे ना?”

“बरी आहे. सगळे बरे आहेत. तुम्ही बऱ्या आहात.”

“मी बरीच आहे. तिथे मेले सूपात मीठ घालत नाहीत. आठ दिवस सहन केलं. आज सकाळी आचाऱ्याला त्याच्या तोंडावर सांगितलं आणि निघाले. फोन बॅगेच्या तळाशी आहे, सारखा कोण करत होतं?” आणि बोलता बोलता त्यांची नजर काचेवर गेली.

गेंचोने त्यांच्या आणि काचेच्या मधे उभं राहायचा प्रयत्न केला. दोब्राबाईंनी काठीने त्याला बाजूला केलं. कोटाच्या खिशातला चष्मा बाहेर न काढताच त्यांनी वाचलं. सावकाश, खालच्या ओळीपर्यंत.

“हा फोटो मी माझ्या जाण्यासाठी काढून ठेवला होता,” त्या म्हणाल्या. “तू तो सगळ्या गावाला दाखवून ठेवलायस. कुठे सापडला तुला?”

“खणात. पांढऱ्या रुमालात.”

“तो रुमालही त्यासाठीच आहे.” मग त्यांनी विचारलं, “कोण कोण आलं?”

गेंचोने सांगितलं. शाळेतली मुलं उभी राहिली. पावाच्या दुकानातून मेणबत्ती आली. मिताना आली, वाडगा घेऊन. मिताना काय म्हणाली तेही त्याने सांगितलं, झाडाचं आणि कुंपणाचं.

“असं म्हणाली?” दोब्राबाईंनी विचारलं. “माझं झाड म्हणाली? कुणासमोर?”

“वेस्कासमोर. आणि माझ्यासमोर.”

“म्हणजे दोन साक्षीदार,” असं म्हणून त्या घराच्या दिशेने चालू लागल्या. गुडघ्यांना सॅनेटोरियमचा गुण आला असावा, कारण बॅग घेऊन पळताना गेंचोला धाप लागली.

अंगणात काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. वेस्का उठून उभी राहिली आणि परत बसली आणि परत उठली. आईच्या गळ्यात पडून ती इतका वेळ राहिली की शेवटी दोब्राबाई म्हणाल्या, “अगं सोड, खरंच जाईन.” मिताना वाडगा पाठीमागे लपवत होती. दोब्राबाईंनी तो मागून घेतला, चमच्याने चाखला आणि सांगितलं, “साखर बरोबर आहे. दालचिनी कमी पडलीय.” मिताना म्हणाली, “तुझीच पद्धत आहे, तूच शिकवली होतीस.” अकरा वर्षांनंतर दोघींमधे मांजराशिवाय झालेलं हे पहिलं बोलणं. मग दोघी बाकावर बसल्या आणि तो वाडगा त्यांनी मिळून संपवला. गेंचो पायरीवर बसून होता. त्याला काहीच नको होतं. फक्त सासूबाईंचा आवाज असाच चालू राहावा, वाटल्यास त्याच्याविरुद्धच, एवढंच त्याला वाटत होतं.

शनिवारी सगळं गाव आलं. निम्म्या लोकांना खरी बातमी कळली होती, निम्म्यांना नव्हती. जे काळे कपडे घालून आले होते ते फाटकातच थबकले, कारण फाटकात स्वतः दोब्राबाई फुलाफुलांचा झगा घालून स्वागताला उभ्या होत्या. जो तो सम संख्येतली फुलं घेऊन आला होता, गेलेल्या माणसाला नेतात तशी. दोब्राबाई प्रत्येक गुच्छ मोजायच्या, त्यातलं एक फूल उपटून बाजूला ठेवायच्या, म्हणायच्या, “आता झाली वाढदिवसाची,” आणि माणसाला आत सोडायच्या. मेंढा उत्तम झाला होता. मीठ बरोबर होतं. राकियाच्या दुसऱ्या फेरीला पर्वान उठून उभा राहिला आणि गुरुवारी तयार करून ठेवलेलं चार शब्दांचं भाषण वाया जाऊ नये म्हणून त्याने ते वाचून दाखवलं. फक्त ‘होत्या’च्या जागी ‘आहेत’ केलं. दोब्राबाईंनी ते दोनदा वाचायला लावलं.

संध्याकाळी टेबलं आवरल्यावर त्यांनी गेंचोला खाली आपल्या खोलीत बोलावलं. पलंगावर, न चिकटवता उरलेल्या कागदांची नीट घडी घातलेली होती.

“बस,” त्या म्हणाल्या. “अक्षरं तू केलीस?”

“हो.”

“स्वतःच्या हाताने?”

“हो, आई. दोन वर्षं लागली.”

“चांगली आहेत. माझी बहीण गेली तेव्हा तिच्या कागदावर नाव शोधावं लागत होतं. हे मला चष्म्याशिवाय वाचता आलं. माझ्या वेळेला हीच हवीत.”

या टाइपाचं आजवर कुणी कौतुक केलं नव्हतं. वेस्काने नाही, ऑफिसने नाही, कालिनाच्या मास्तरांनी तर परीक्षेत गुणच कापले होते. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. “नक्की, आई,” तो म्हणाला. “मी स्वतः छापीन.”

“आणि एक,” दोब्राबाई कागद पांढऱ्या रुमालात गुंडाळत म्हणाल्या. “पुढच्या वेळी लावायच्या आधी मला एकदा दाखव.”

“हो, हो, अर्थात,” गेंचो म्हणाला, आणि विसरू नये म्हणून वर जाऊन त्याने ते कॅलेंडरवर लिहूनसुद्धा ठेवलं.